‘स्कोअर किती आला?’: कोपरखैरणेतल्या एका न्यूमोनियाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४९ वर्षांचे, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले माथाडी कामगार. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, राहायला कोपरखैरणे. घरचे सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून इथेही तात्याच. ओळख पटू नये यासाठी वय, नाती आणि काही तारखा बदलल्या आहेत, वैद्यकीय घटनाक्रम बदललेला नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे. त्यामुळे हे प्रकरण मला जास्त करून फिल्मवर दिसलं. वॉर्डातला भाग उपचार करणाऱ्या फिजिशियनशी झालेल्या बोलण्यातून आणि केसपेपरवरून लिहितो आहे.

तात्यांना आठ वर्षांपासून मधुमेह. गोळ्या चालू, पथ्य जमेल तसं. विडी-सिगारेट नाही, तंबाखू मात्र आहे. काम मसाला मार्केटमध्ये, म्हणजे मिरची, हळद, धण्याची पोती गाडीतून उतरवायची आणि गाळ्यात थप्पी लावायची. ही धूळ पुढे निदानाच्या यादीत येणार आहे.

ऑगस्टचा जोरदार पाऊस झाला होता. आवारात तुंबलेल्या पाण्यातून तात्या पोती वाहत होते. आठवड्याभरात ताप १०२ वर गेला, अंग मोडून आलं, कोरडा खोकला सुरू झाला. जवळच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि अझिथ्रोमायसिन दिलं, मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी करून घेतली. दोन्ही निगेटिव्ह. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटलं की हीच दोन नावं आधी तोंडात येतात, फार तर लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. फ्लू हा थंडीतला आजार, असा समज अजून आहे. प्रत्यक्षात भारतात इन्फ्लूएंझाचे रुग्ण दोनदा वाढतात, जानेवारी ते मार्च आणि मग पावसाळ्यात.

पाचव्या दिवशी जिना चढताना धाप लागली. २०२१ पासून कपाटात पडून असलेला ऑक्सिमीटर मुलानं काढला. आकडा आला ९१. मुलानं फोन केला तो डॉक्टरांना नव्हे, थेट सीटी सेंटरला. “एचआरसीटी करायचंय. स्कोअर लगेच मिळेल ना?” (एचआरसीटी म्हणजे बारीक कापांचं, जास्त तपशील दाखवणारं छातीचं सीटी स्कॅन.)

त्याला दोष देता येत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी मिळून लोकांना हे शिकवलं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं एचआरसीटीचे दर बांधून दिले, मशीनच्या क्षमतेप्रमाणे २,००० ते ३,००० रुपये, आणि तपासणी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. फुफ्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज २५ पैकी. दहावीच्या निकालासारखा हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरायचा, आणि बेड मिळतो की नाही हेसुद्धा कधीकधी त्यावर ठरायचं.

अडचण नेमकी काय होती

ताप, खोकला, कमी झालेलं सॅच्युरेशन, मधुमेह. इथे छातीचं इमेजिंग हवंच, त्यात वाद नव्हता. अडचण वेगळी होती. घरच्यांना वाटत होतं की सीटी झालं की निदान झालं. पण सीटी दाखवतो तो फुफ्फुसाच्या प्रतिक्रियेचा नमुना. इन्फ्लूएंझा, कोविड, ॲडिनोव्हायरस, आरएसव्ही, सगळे फुफ्फुसात जवळपास सारखाच गोंधळ घालतात: दोन्ही बाजूंना विखुरलेली, दुधी काचेसारखी धूसर सावली, जिला आम्ही ग्राउंड ग्लास म्हणतो. विषाणूचं नाव त्या सावलीवर लिहिलेलं नसतं.

आणि नावावर औषध ठरतं. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन दिल्यानं मृत्यू कमी होतात, हे २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं दाखवून दिलं. इन्फ्लूएंझाच्या न्यूमोनियात मात्र स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं आहे. ती निरीक्षणं आहेत, चाचणीइतका भक्कम पुरावा नाही, तरी दुसरं कारण असल्याशिवाय फ्लूमध्ये स्टिरॉइड देऊ नये असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फ्लूला ओसेल्टामिवीर लागतं, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. शिवाय अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड ही जोडी एकत्र आली की काय होतं, ते २०२१ च्या काळ्या बुरशीनं दाखवलं आहे. फिल्म तीच, पण नाव चुकलं तर उपचार उलटा.

पहिला निर्णय: एक्स-रे, सीटी की आधी स्वॅब

मुलाला फोनवरच सांगितलं की सेंटरला आणू नका, आधी कॅज्युअल्टीत न्या. तिथे फिजिशियनसमोर चार वाटा होत्या.

पहिली, साधा छातीचा एक्स-रे काढून तेवढ्यावर भागवायचं. स्वस्त, पाच मिनिटांचं काम, किरणोत्सर्ग नगण्य. पण सुरुवातीच्या विषाणूजन्य न्यूमोनियात तो बऱ्याचदा जवळपास नॉर्मल दिसतो. दुसरी, थेट एचआरसीटी. तिसरी, कॅज्युअल्टीतच फुफ्फुसांची सोनोग्राफी. ही सोपी आणि किरणरहित, पण छातीच्या भिंतीला टेकलेलाच आजार तीत दिसतो, आणि करणाऱ्याचा हात बसलेला असावा लागतो. चौथी, काहीच न काढता पीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं.

ठरलं असं की स्वॅब आणि रक्त आधी, मग एक्स-रे, आणि एक्स-रे व सॅच्युरेशन यांचा मेळ बसला नाही तरच सीटी. एक्स-रेमध्ये दोन्हीकडे खालच्या भागात किंचित धुरकटपणा होता, हृदयाचा आकार ठीक, पाणी नाही. इतक्याशा सावलीत ९१ सॅच्युरेशन पटण्यासारखं नव्हतं. मग सीटी. त्याला माझाही होकार होता. मेळ बसला असता तर मी नको म्हटलं असतं.

तोवर कॅज्युअल्टीतल्या किटवर कोविड आणि फ्लू दोन्ही रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आल्या होत्या. मुलगा म्हणाला, “म्हणजे व्हायरल नाही ना?” फ्लूच्या रॅपिड अँटिजेन टेस्टची पकड साधारण ५० ते ७० टक्के, म्हणजे फ्लू असलेल्या दहांतले तीन ते पाच जण तिच्या हातून निसटतात. पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा. निगेटिव्ह आली तर पीसीआरची वाट पाहावी.

सीटीच्या टेबलावर

हा भाग थोडा लांबवतो. रिपोर्ट हातात आल्यावर तो कसा तयार झाला हे कोणी विचारत नाही, आणि चुका मात्र इथेच शिरतात.

ग्राउंड ग्लास म्हणजे फुफ्फुस थोडं धूसर, पण आतल्या रक्तवाहिन्या अजून दिसतात. आता गंमत अशी की पूर्ण श्वास न घेतलेलं निरोगी फुफ्फुसही धूसर दिसतं. खोकणाऱ्या, धापणाऱ्या माणसाला दहा सेकंद श्वास रोखून धरायला सांगणं म्हणजे त्याची परीक्षाच. आमच्या टेक्निशियननं तात्यांना मशीनमध्ये घालण्याआधी बाहेरच सराव करून घेतला. “तात्या, मोठा श्वास… धरा… धरा… सोडा.” दुसऱ्या खेपेला तात्यांना खोकल्याची उबळ आली. ऑक्सिजनची नळी तशीच ठेवून, दोन मिनिटं बसवून, पाणी देऊन पुन्हा झोपवलं. घाईत काढलेल्या, हललेल्या स्कॅनवर ‘दोन्ही बाजूंना धूसर सावल्या’ असं लिहून मोकळं होणं फार सोपं असतं.

दुसरी अडचण गुरुत्वाकर्षणाची. उताणं झोपल्यावर फुफ्फुसाच्या मागच्या तळाशी रक्त आणि वजन उतरतं, तिथे एक फिकट पट्टा दिसतो. विषाणूजन्य न्यूमोनियाचीही आवडती जागा तीच. म्हणून तात्यांना पालथं करून फक्त खालच्या भागाचे, कमी डोसचे थोडे काप घेतले. डावीकडचा पट्टा नाहीसा झाला. उजवीकडचा जागेवरच राहिला, म्हणजे तो खरा आजार.

तिसरी गोष्ट मिरचीची धूळ. सेंद्रिय धुळीच्या ॲलर्जीनं होणारा फुफ्फुसदाह, म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, असाच धूसर दिसू शकतो. त्यात बारीक श्वासनलिकांमध्ये हवा अडकते आणि श्वास सोडून काढलेल्या स्कॅनवर काही भाग काळे राहतात. तात्यांचे तसे दोन-तीन काप घेतले. हवा अडकलेली नव्हती. शिवाय कामावर गेल्यावर धाप आणि सुटीत बरं, असा इतिहासही नव्हता.

शेवटी जे दिसलं ते असं: दोन्ही फुफ्फुसांत, एकाहून अधिक खंडांत, कडेला आणि श्वासनलिकांच्या भोवतीही ग्राउंड ग्लास. श्वासनलिकांच्या भिंती जाडसर. फुफ्फुसाभोवती पाणी नाही, पोकळी नाही, गाठी वाढलेल्या नाहीत. श्वासनलिकांच्या भोवतालच्या सावल्या आणि जाड भिंती इन्फ्लूएंझात जास्त आढळतात, तर कोविडमध्ये सावल्या बहुधा कडेला आणि खाली. ‘जास्त’ आणि ‘बहुधा’ यांच्यावर एका माणसाचं औषध ठरवता येत नाही.

डोसबद्दल थोडं. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे असं सांगितलं आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं त्याला जोरात हरकत घेतली. छातीच्या नेहमीच्या सीटीचा डोस साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट, कमी डोसच्या पद्धतीनं तो दीडच्या आसपास आणता येतो. एका एक्स-रेचा डोस किती धरायचा यावर गुणाकार पार बदलतो. मुद्दा मात्र खराच होता: सौम्य आजारात, सॅच्युरेशन चांगलं असताना, नुसती खात्री म्हणून सीटी काढू नये. आणि फार लवकरही काढू नये. कोविडच्या सुरुवातीला चीनमधल्या एका अभ्यासात लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या निम्म्याहून अधिक सीटी नॉर्मल निघाल्या होत्या.

दुसरा निर्णय: रिपोर्टमध्ये काय लिहायचं, औषध काय द्यायचं

रिपोर्टच्या निष्कर्षात मी लिहिलं: नमुना विषाणूजन्य न्यूमोनियाशी जुळतो, विषाणू कोणता हे यावरून सांगता येत नाही, श्वसनमार्गाची मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणारी तपासणी) करावी, पावसाळा आणि साचलेल्या पाण्याचा संपर्क लक्षात घेता लेप्टोस्पायरोसिस नाही ना हे तपासावं. लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होतो तेव्हा सीटीवर असंच चित्र दिसू शकतं. त्याच्या खुणा फुफ्फुसाबाहेर शोधाव्या लागतात: लाल डोळे, पोटऱ्या दाबल्यावर दुखणं, उतरलेल्या प्लेटलेट, वाढलेलं क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन. तात्यांच्या प्लेटलेट १ लाख ३८ हजार, क्रिएटिनिन १.१, बिलिरुबिन नॉर्मल. पोटऱ्या दुखत होत्या, पण तात्यांच्याच शब्दांत, “दुखत न्हाय असं काय हाय का आता?”

को-रॅड्स श्रेणी, म्हणजे सीटीवरून कोविडची शक्यता किती हे सांगणारा आकडा, मी दिली नाही. नेदरलँड्सच्या रेडिओलॉजिस्टांनी २०२० मध्ये ती बनवली तेव्हा कोविडची साथ ऐन भरात होती. साथ नसताना त्याच श्रेणीचा अर्थ पातळ होतो.

फिजिशियननं पीसीआरची वाट न पाहता त्याच रात्री ओसेल्टामिवीर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. जोडीला सेफ्ट्रियाक्सोन आणि डॉक्सिसायक्लिन, म्हणजे नेहमीचा जिवाणूजन्य न्यूमोनिया आणि लेप्टो दोन्ही सांभाळले गेले. स्टिरॉइड सुरू केलं नाही. यावर बराच वाद झाला. नातेवाइकांच्या ओळखीचे एक डॉक्टर फोनवरून आग्रह धरत होते की स्कोअर ११ आहे, डेक्सा चालू करा. (स्कोअर मी तोंडी सांगितला होता, कारण मुलगा खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हता.) फिजिशियनचं उत्तर सरळ होतं: नाव कळेपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव कळलं. इन्फ्लूएंझा ए, एच१एन१, म्हणजे २००९ चा तोच स्वाइन फ्लू, जो आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून गेला आहे. कोविड निगेटिव्ह.

मधलं वळण

आजाराच्या आठव्या दिवसापर्यंत ताप उतरला, ऑक्सिजन दोन लिटरवरून जवळपास बंद होत आला. घरी सोडण्याची भाषा सुरू झाली. दहाव्या दिवशी पहाटे थंडी वाजून ताप, उजव्या बाजूला श्वासाबरोबर कळ, पिवळट-लालसर बेडका. ऑक्सिजन सहा लिटरवर गेला. पांढऱ्या पेशी ४,६०० होत्या, त्या १७,२०० झाल्या.

घरच्यांची मागणी लगेच आली: पुन्हा एचआरसीटी करा, स्कोअर वाढला का बघा. पण सहा लिटरवरच्या माणसाला स्ट्रेचरवरून खाली नेऊन, उताणं झोपवून, श्वास रोखायला लावायचं आणि त्यातून कळणार काय? स्कोअर वाढला असणारच. प्रश्न होता तो का वाढला: विषाणूच पसरला, वर जिवाणू बसला, की रक्ताची गुठळी? गुठळी साध्या एचआरसीटीत दिसतही नाही, त्याला शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन वेगळं सीटी लागतं.

त्याऐवजी बेडवरच पोर्टेबल एक्स-रे घेतला आणि मी सोनोग्राफीचं मशीन वॉर्डात नेलं. एक्स-रेवर उजवीकडे खाली घट्ट पांढरा पॅच, पाच दिवसांपूर्वी नसलेला. सोनोग्राफीत तिथे फुफ्फुस यकृतासारखं भरीव दिसत होतं, आणि त्यात श्वासाबरोबर हवेचे चकाकते ठिपके पुढे-मागे सरकत होते. श्वासनलिका उघडी आहे, फुफ्फुस नुसतं मिटलेलं नाही, पूभरल्या न्यूमोनियानं घट्ट झालेलं आहे, असा त्याचा अर्थ. भोवती बोटभर पाणी. पायांच्या शिरा दाबून पाहिल्या, गुठळी नव्हती.

फ्लूनंतर जिवाणू स्वार होणं ही जुनीच गोष्ट. १९१८ च्या साथीतल्या बहुसंख्य मृत्यूंना अशाच दुय्यम जिवाणूजन्य न्यूमोनियानं हातभार लावला होता, हे जुन्या शवविच्छेदनांच्या नमुन्यांवरून पुढे कळलं. बेडक्याच्या ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, द्राक्षाच्या घडासारखे कॉकस (गोल जिवाणू) दिसले. लिनेझोलिड जोडलं, कल्चरमध्ये साधा, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देणारा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आल्यावर ते काढून सेफाझोलिन ठेवलं. सीटी राखून ठेवलं: तीन दिवसांत उतार पडला नाही तर गळू किंवा छातीत पू शोधायला, कॉन्ट्रास्टसह. गरज पडली नाही.

निष्पत्ती, आणि गावाकडचा एक्स-रे

एकोणिसाव्या दिवशी तात्या घरी गेले. सुटीला गाव गाठलं. महिन्याभरानं तिथे खोकल्यासाठी एक्स-रे काढला, त्यावर उजवीकडे सावली, आणि रिपोर्टवर ‘रूल आऊट कॉक्स’, म्हणजे टीबी नाही ना ते तपासा. टीबीच्या गोळ्यांची चिठ्ठीही लिहून झाली होती.

शंका निराधार नव्हती. मधुमेहात टीबीचा धोका दोन-तीन पट असतो. पण त्या डॉक्टरांकडे जुनी फिल्म नव्हती. मुलानं मोबाइलवर दोन्ही एक्स-रे पाठवले. मोबाइलवरचा फोटो रिपोर्ट करण्यालायक नसतो, तरी इतकं दिसत होतं की सावली जुन्या पॅचच्याच जागी आहे आणि निम्म्याहून लहान झाली आहे. न्यूमोनियाची सावली माणूस बरा झाल्यावरही कित्येक आठवडे रेंगाळते, मधुमेह्यात जास्तच. बेडका सीबीनॅट या टीबीच्या जंतूंच्या तपासणीला पाठवला, निगेटिव्ह आला. गोळ्या सुरू केल्या नाहीत. दहाव्या आठवड्यातल्या एक्स-रेत एक बारीक रेघ तेवढी उरली होती. तात्या आता गाळ्यावर आहेत, पण थप्पीऐवजी काट्यावर.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी सीटीच्या आधीच हुकली. मधुमेह असलेल्या माणसाला पावसाळ्यात ताप, खोकला आणि अंगदुखी असताना दुसऱ्याच दिवशी फ्लूचा स्वॅब आणि ओसेल्टामिवीर सुरू झालं असतं, तर पहिल्या ४८ तासांतला फायदा मिळाला असता. फ्लूची लसही तात्यांना कोणी सुचवलेली नव्हती. माथाडी वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत एकाला झालेला फ्लू घरभर होतो. त्यांच्या सुनेलाही झाला, सुदैवानं सौम्य.

घरी सोडताना फिल्म आणि सीडी घरच्यांच्या हातात देऊन ‘पुढचा एक्स-रे आठ आठवड्यांनी, आणि जुने फोटो बरोबर न्या’ असं कार्डावर लिहायला हवं होतं. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘फॉलोअप ओपीडी’ होतं. टीबीचा गोंधळ तिथून सुरू झाला.

स्कोअरच्या बाबतीत मात्र फिजिशियनचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं, आकडा रिपोर्टमध्ये असू द्या, नाहीतर नातेवाईक दुसऱ्या सेंटरमधून काढून आणतात आणि माणसाला पुन्हा किरणं बसतात. माझं म्हणणं, छापील आकडा निष्कर्षाच्या चार ओळी गिळून टाकतो, आणि फोनवरचे डॉक्टर त्याच आकड्यावर डेक्सा लिहितात. सध्या तडजोड म्हणून फुफ्फुसाचा किती भाग व्यापला आहे ते मी शब्दांत लिहितो, थोडा, मध्यम किंवा बराच, आणि तेही विषाणूची तपासणी करा या ओळीच्या खाली.